मागच्या ब्रेकवरचा आळ

२३ सप्टेंबर, मंगळवार
नवे ब्रेक शू आले एकदाचे! इंग्लंडहून, अडीच महिन्यांनी. शुभदाने खोकं उघडून पाहिलं — "एवढ्याशा चंद्रकोरींसाठी एवढा जीव टाकलात?" हसू दे. दसऱ्याला मोशीला अर्जुनरावांकडे सोनं द्यायला जायचं ते हिरव्या टू-सीटरमधूनच. आणि शेजारी बायको!

घरची दुसरी गाडी घेऊन ती एकटी लोणावळ्याला जाऊन येते, पण या गाडीत एकतीस वर्षं बसलेली नाही. मोशीच्या वळणावर ब्रेक लागला नाही आणि आम्ही थेट अर्जुनरावांच्या कांद्यात! तेव्हाच म्हणाली, "ही थांबायला लागली की सांगा, मग बसेन." अर्जुनरावांशी घरोबा झाला तो तिथपासून. दर दसऱ्याला दारातच विचारतात, "सायेब, लागला का बिरेक?"

पुढचे ब्रेक उघडून झाले. पाइप तपासून झाले. सगळं निर्दोष. म्हणजे गुन्हेगार मागचेच.

२५ सप्टेंबर
मागच्या शूंवरचे ड्रम निघत नाहीत. दिवसभर हातोडी. शेजारच्या निवेदिताताई — "घराचं काम काढलंय का?"

२७ सप्टेंबर
निघाले! एक स्प्रिंग उडाली ती निवेदिताताईंच्या कुंडीत. त्यांनी चिमट्याने आणून दिली.

आतले जुने शू पाहिले. ड्रमला घासणारं लायनिंग चांगलं जाड, सगळीकडे सारखं झिजलेलं, तेलाचा डाग नाही. चाकणला ब्रेकच्या कंपनीत तीस वर्षं क्वालिटीत काढली मी. असा माल समोर आला असता तर डोळे मिटून पास केला असता.

मग त्या दिवशी —

जाऊ दे. कागदात गुंडाळून फडताळात ठेवले. शुभदाने विचारलं तर म्हटलं, "पार कामातून गेलेत." उगाच म्हटलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
काय हा गाढवपणा!

सकाळी पाने, हातोड्या, मायक्रोमीटर, सगळं पुसून पाटावर मांडलं. नवे शूही मांडले. लोखंडावर टिकावं म्हणून कुंकू तेलात कालवायची आमच्या कंपनीतली पद्धत. त्याच बोटाने चारही शूंवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. लायनिंगवर! ज्या माणसाने तीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं, "तेलाचं बोट लागलं की ब्रेक घसरतो, माल स्क्रॅप!" त्या माणसाने!

स्प्रिंगा बसवायला कोपऱ्यावरचा गॅरेजवाला रोहिदास आला. त्याने आधी शूंना हात जोडले, मग मला. "साहेब, ह्ये आता देव्हाऱ्यातच ऱ्हाऊ द्या. गाडीला न्हाई चालायचे. जुनं कुठं हायेत?"

काढावे लागले फडताळातून. शुभदा चहा घेऊन नेमकी तिथेच उभी. रोहिदासने नखाने खरवडून पाहिलं. "ह्यांना काय झालंय? नव्यावानी हायेत की!"

शुभदाने कप ठेवले आणि ती आत गेली.

जुनेच बसवले. गल्लीत दहा वेळा थांबवून पाहिली — दहाही वेळा जिथल्या तिथे थांबली. आनंद व्हायला हवा होता. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. निदान या वहीत तरी खरं लिहितो. त्या दिवशी माझा पाय ब्रेकवर नव्हता बहुतेक. बहुतेक कसला, नव्हताच! घाबरून ॲक्सिलरेटर दाबला मी. आणि एकतीस वर्षं बिचाऱ्या मुक्या लोखंडावर आळ घेतला.

उद्या तिला सांगणार. नाही बसली तर नाही बसली.

२ ऑक्टोबर, दसरा
सांगितलं. शुभदा गाडीला झेंडूचा हार बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, यात नवीन काय? मी तुमच्या पायाकडेच बघत होते."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही क्वालिटीतले. म्हटलं, सापडेल कधीतरी."

मग तिने हात पुढे केला. मी किल्ली दिली. मोशीपर्यंत आपट्याची पानं मांडीवर घेऊन मी शेजारी बसलो. दारात गाडी अलगद थांबली. अर्जुनरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वैनी, लागला की बिरेक!"