टोकनाविना गाडी

सुबोध,

"ताई, नानांना आता वृद्धाश्रमात ठेव," असं तू म्हणालास, तेव्हा मी फोन आपटला होता. नाना मला ओळखत नसले तरी स्वतःचं स्टेशन ओळखतील, अशी माझी खात्री होती. म्हणून मुलुंडच्या या हॉलमध्ये मी त्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती उभी केली. कौलं, घंटा, आपलं क्वार्टर, दारातला शेवगासुद्धा.

काल छोटी गाडी सुरू केली आणि नाना ओरडले, "थांबव! ड्रायव्हरला टोकन दिलं का? समोरून दुसरी आली म्हणजे?"

रूळ एकेरी होता. स्टेशनमास्तरने, म्हणजे नानांनी, टोकन दिल्याशिवाय गाडी सुटायची नाही. नेमकं तेच मी विसरले होते. मला रडू आलं. मला! मी विचारलं, "नाना, मी कोण?"

"बाई, प्रवाशांनी ऑफिसात यायचं नाही."

तेव्हापासून ते गाडीवर हात ठेवून बसलेत. जेवायलाही उठत नाहीत.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू बरोबर होतास, हे तुला लेखी द्यायचं नाही मला. उद्या सकाळी आश्रमाची गाडी येईल. तिला टोकन लागत नाही.

तुझी ताई,
उत्तरा