कोपऱ्याखालचा पुठ्ठा

दादा,

आईला दवाखान्यातून घरी आणायला निघालेय. ती तिकडे गेली त्याच आठवड्यात तू तिचा पलंग परसातल्या नव्या शेडमध्ये टाकलास. आज तो काढायला गेले, तर दार जागचं हलेना. शेडचा एक कोपरा खचलाय.

शेडच्या पायाला काँक्रीट नको, खडी अंथरून वर ठोकळे ठेवू, असं आपलं ठरलं होतं. खडीचा तर पत्ताच नाही! डुगडुगत्या टेबलाखाली सारतोस तसा ठोकळ्याखाली पुठ्ठा सारलायस. हात घातला तर नुसता लगदा, त्यात गोगलगायी. शी! पण त्यांच्यापेक्षा जास्त किळस आली ती तुझ्या ‘चालतंय गं’ची.

आई आज तुझ्या पलंगावर झोपेल. तू फरशीवर झोप.

चालतंय रे.

— धाकटी