रिंगणाचा उलटा फोटो

र. २ फेब्रु.
सकाळी मुक्ताबरोबर तालीम. पीएचडीच्या गाइडला, ऑर्लाला, काही दाखवायच्या आधी एकीने बोलायचं, दुसरीने गाइड होऊन छळायचं, तेही मराठीतून. ओंगारमधल्या आम्हा दोघींच्या या भाड्याच्या घरातला दोन वर्षांचा नेम. आज माझी पाळी. फ्रान्समधल्या रोमन अ‍ॅम्फिथिएटरच्या अवशेषांचा माझा लाडका फोटो, कॅमेऱ्याचा शोध नवा नवा होता तेव्हाचा. उंच भिंत डावीकडे. हल्ली तिथे समोर उभं राहिलं की ती उजवीकडे येते. म्हणजे छापताना आरशातल्यासारखा उलटा छापलाय! इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नाही. पोहे गार झाले, मी बोलतेच आहे.
मुक्ता, चष्मा ऑर्लासारखा नाकावर ओढून, "आणि फोटोग्राफर पलीकडच्या बाजूला उभा असेल तर?"
"पलीकडे तेव्हा घरं खेटून होती. तिपाई ठेवायला जागा कुठली?"
"कसली भारी आहेस गं शमे!" सगळं लिहून घेतलं तिने. माझ्यासाठीच, म्हणाली.

गु. १३ फेब्रु.
विभागात वर्षभराची एकच जागा निघाली. दोघींचे अर्ज. मुलाखत २८ला, तिथे आपला नवा शोध मांडायचा. माझा व्हिसा जूनपर्यंत, जागा नाही मिळाली तर सांगली. मुक्ता म्हणते, कुणालाही मिळो, पार्टी नक्की. मंगळवारी तिचा सेमिनार आहे. विषय विचारला तर, "अगं, तेच आपलं रटाळ."

मं. १८ फेब्रु.
पहिल्याच स्लाइडवर माझी भिंत.
वाटलं, आता माझं नाव घेईल. मग वाटलं, शेवटी तरी. आभारात ग्रंथालय, ऑर्ला, आई-बाबा. बस.
ऑर्लाने विचारलं तेही नेमकं तेच, फोटोग्राफर पलीकडे असेल तर? मुक्ताने घरं, तिपाई, सगळं माझंच इंग्रजीत सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर ऑर्ला मला म्हणते, "शी वॉज ग्रँड, वॉझन्ट शी?" मी चक्क मान हलवली. बावळट.

बु. १९ फेब्रु.
विद्यापीठातून, मेनूथहून, ट्रेनने येताना दुसऱ्या डब्यात बसले. घरी ती म्हणते, "आपण दोघींनी मिळूनच काढलं ना ते? प्रश्न तर माझेच होते." वर, "तुला काय, दुसरं सुचेल."
दोन वर्षं एका कुकरमधलं जेवलो. प्रेसमधले, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातले, माझे मसाल्याचे डबे खालच्या फळीवर हलवले, एवढंच जमलं मला. ऑर्लाला सांगू तर पुरावा काय? तालीम तोंडी, मराठीतून. लिहिलेलं सगळं तिच्या वहीत, तिच्या अक्षरात.

मं. २५ फेब्रु.
मुलाखतीला काहीतरी हवंच, म्हणून ग्रंथालयात त्याच फोटोग्राफरच्या फोटोंची दुसरी पेटी मागवली. तीच भिंत, तशीच डावीकडे, पण जरा मागून घेतलेली. खाली एका दुकानाची पाटी, अक्षरं सरळ वाचता येतात. कडेला गच्चीचा कठडा. म्हणजे युअर मॅन, आपला फोटोग्राफर, पलीकडच्या घराच्या गच्चीवर चढला होता! फोटो उलटा नाहीच, कधीच नव्हता.
चूक माझी. आता तिच्या नावावर. इतकं हसू फुटलं की काउंटरवरच्या बाईंनी बघितलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.
शुक्रवारी हे मांडलं की झालं. मुक्ता तिथेच आडवी. जागा माझी.

गु. २७ फेब्रु.
सकाळी मुक्ता माझ्या खोलीच्या दारात उभी. आठ दिवसांनी बोलली.
"शमे, शेवटची एक तालीम घेशील? तुझ्याइतकं कुणी छळत नाही."
नाही म्हणता आलं नाही. किंवा म्हणायचं नव्हतं. खुर्ची ओढून बसले. ती बोलली, छान बोलली. माझ्यापेक्षा नीट. मग वही उघडून, "विचार आता. सगळ्यात वाईट प्रश्न आधी."
पेटीतल्या फोटोची प्रत माझ्या पिशवीत, खुर्चीच्या पाठीला.
चहा टाकते म्हणून उठून आले. ओट्यावर हे खरडतेय. चहा उतू गेला. पलीकडून हाक येतेय, "अगं, विचार ना!"