शेंडेनक्षत्र कशाचं असतं

आई, तू विचारलं होतंस ना, ते शेंडेनक्षत्र कशाचं असंल, पिठाचं का चुन्याचं? परवा टीव्हीवर सांगितलं. अमेरिकेवाल्यांनी वर एक यान धाडलं, त्यातून तांब्याचा गोळा सोडला आणि तसल्याच एका शेंडेनक्षत्रावर, ते धूमकेतू म्हणतात त्याच्यावर, आपटला. आत काय हाय ते बघायला. बर्फ निघाला, आई. आणि धूळ. अंगाला लावायच्या पावडरीहून बारीक. वरून म्हणे कोळशावाणी काळं असतं, आणि ती पांढरी शेपटी म्हंजे उन्हानं तापून उडालेली धूळ न वाफ. यांना हसू आलं. म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन धूळच आणली? आपल्या अंबडच्या रस्त्यावर माझ्या रिक्षात बसले असते तर फुकट मिळाली असती." मी हसले नाय. मी एकच ऐकत होते, त्यात इख हाय का. तो टीव्हीवाला म्हणाला, हाय, थोडा इखारी वायू असतो, पण ते इतकं लांब की आपल्यापर्यंत काय पोचत नाय.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या आणि अंगावरची चादर काढून टीव्हीवर टाकली. "पोटुशी बाई तू, आणि डोळे फाडून काय बघतीस? त्याला डिवचलंय त्यांनी. आता ते कुणावर तरी काढणार." चादरीच्या आतून बातम्या चालूच होत्या. पोरगी चादर उचलून बघायला लागली तर तिला बी एक धपाटा. तवा मला आपल्या निफाडच्या घरातली घोंगडी दिसली.

ती आजीनं खिडकीला टांगलेली. सांज झाली की तवाचं शेंडेनक्षत्र उसाच्या वर दिसायचं, शेपटी फिस्कारून. सारा गाव अंगणात उभा राहून बघायचा आणि आजी तुला आत कोंडायची. तुझं पोट तवा लय मोठं दिसायचं. एक दिवस आजी देवळात गेली आणि तू घोंगडीचं टोक उचललंस. "ये, बघ लवकर. केवढं देखणं हाय गं!" तुझ्या हाताला द्राक्षाचा चिकट वास, दिवसभर पेट्या भरून आलेली तू. पीठ सांडल्यावाणी दिसत होतं. तवाच तू विचारलंस, कशाचं असंल. मी म्हणाले, पिठाचं. तू म्हणालीस, "मग वरती बी कोणतरी दळत असंल बाई," आणि हसलीस, आणि आजीची चाहूल लागली तशी घोंगडी सोडून दिलीस. "सांगू नको हां." नाय सांगितलं. आजवर कुणाला नाय.

मग तुझे पाय सुजले. बोट दाबलं की खळी पडायची, ती तशीच राहायची. तू म्हणायचीस डोकं फुटतंय, डोळ्यापुढं काजवे चमकतात. आजी तुझ्याजवळ बसून पाय चोळायची, तेल जिरवायची, मधीच रडायची. तिची माया नव्हती असं मी कसं म्हणू? त्या सांजेला दादांनी शेजारचा ट्रॅक्टर आणून दारात उभा केला. तू उंबऱ्यापर्यंत चालत आलीस, माझ्या खांद्यावर हात टाकून. आणि आजी दारात आडवी झाली. "ते वर उभं हाय. त्याच्या तोंडासमोरून गरवार बाई न्यायची नाय. खाली जाऊ दे त्याला, मग न्या." दादांनी त्यांच्या आईचं ऐकून ट्रॅक्टर बंद केला. आम्ही सगळे ते उसाआड कधी जातंय ते बघत बसलो. तू भिंतीला टेकलेली, म्हणत होतीस, "गेलं का गं? गेलं का?" मी दारातून बघून सांगायचे, नाय अजून.

ते गेलं आणि दादांनी ट्रॅक्टर चालू केला, तवर तुला झटके यायला लागले होते.

लोक म्हणाले शेंडेनक्षत्रानं नेलं, लेकरू बी नेलं. मी बी तेच धरून बसले. तू घोंगडी उचललीस म्हणून. पोरगी पोटात होती तवा सांज झाली की मी बाहेरच नाय पडले, आभाळात काय नसलं तरी. आता परवापासून डोक्यात एकच फिरतंय. बर्फ न धूळ. बर्फानं कुणाचे पाय सुजतात का, आई? मग तुला नेलं कुणी?

माझे पाय सुजलेत. सोमवारी दवाखान्यातल्या सिस्टरनी बीपी बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाल्या, "डोकं दुखलं, डोळ्यापुढं चमकलं, तर उद्या-परवा करायचं नाय. त्याच घटकेला यायचं. समजलं का ताई?" आज दुपारपासून डोकं दुखतंय. मघाशी भाकरी थापताना परातीत काजवे दिसले. सासूबाई म्हणतात, "तिन्हीसांजेचं पोटुशीला कुठं नेता? आजची रात टळू दे, सकाळी जाऊ." त्यांचा बी जीव हाय माझ्यावर, लोणी लावतात पायाला. पण मी कोपऱ्यावरच्या पीसीओवरून रिक्षास्टँडला फोन केला आणि यांना बोलावलं. सासूबाईंना मी पहिल्यांदाच उलट बोलले. म्हणाले, "ती नुसती धूळ हाय. मी थांबणार नाय." त्या आता पोरीला मांडीवर घेऊन दाराकडं बघत बसल्यात, आजीवाणी.

पिशवी भरली. दुपटी, टॉवेल, सिस्टरनी दिलेलं कार्ड. हे येईपर्यंत हा कागद लिहिला, सातवीनंतर एवढं कधी लिहिलं नाय. तुला कुठं धाडायचा? पोरीच्या जुन्या झबल्यात गुंडाळून ठेवते. मी नाय आले तर तिला कुणीतरी वाचून दाखवंल.

रिक्षाचा आवाज आला. वर सगळे ढग हायेत, आणि हे म्हणाले, ते शेंडेनक्षत्र नुसत्या डोळ्यांनी दिसत बी नाय. मला समजतंय सगळं. तरी दारातून निघताना मी पदर कपाळापर्यंत ओढणार हाय, आई, आणि खाली बघत चालणार हाय.