डावा पाय आणि चाळीस चिकटपट्ट्या

३ जुलै
आजपासून रोज लिहायचं. कारण तसंच आहे. बावीस वर्षांपूर्वीचा आमचा बँड पुन्हा उभा राहतोय. एंगकुस, आमचा गिटारवाला, काल माझ्या बुटांच्या दुकानात येऊन सांगून गेला. सप्टेंबरात बांडुंगच्या मोठ्या मैदानावर मेटल संगीताचा जलसा आहे, त्यात आम्हाला बोलावणं आलंय. त्याआधी सतरा ऑगस्टला, इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनाला, आमच्या गल्लीतल्या स्टेजवर दोन गाणी वाजवून बघायची. म्हणाला, नांदांग, डावा पाय चालला तर ड्रमवर तू. नाही चालला तर माझ्या फोनमधले ड्रम.
मी हसलो. फोनला पाय असतात का!
संकल्प: रोज एक तास, फक्त डावा पाय.

५ जुलै, रविवार
माळ्यावरून सगळं खाली काढलं. दोन बेसड्रम, एकेका पायाला एक, पाच छोटे टॉम-ड्रम, नऊ सिंबल म्हणजे पितळी झांजा. बैठकीची खोली भरली, फ्रीज अंगणात गेला. उभारायला सहा तास लागले. इमास म्हणाली, "आता पाहुण्यांना बसवायचं कुठे, त्या ढोलाच्या पोटात?" बायकोला एवढंच दिसतं.
पाय उद्यापासून.

९ जुलै
आज डोकं चाललं. ड्रमखाली गालिचा घातला आणि प्रत्येक स्टँडचा पाय जिथे टेकतो तिथे चिकटपट्टी लावली, वर नंबर. एकूण चाळीस. त्यातल्या तीन माझ्या स्टूलच्या, मधोमध, लाल. आता स्टेजवर गालिचा पसरा, खुणेवर पाय ठेवा, वीस मिनिटांत काम तमाम. सरावाला दोन बेसड्रम पुरेत. बाकी सामान खोक्यात, गालिचा गुंडाळून दारामागे.
फ्रीज अजून अंगणातच.

१४ जुलै
सराव सुरू. उजवा पाय अप्रतिम. डावा जरा मागून येतो. दोष बुटाचा आहे, तळ जाड. मी स्वतः चपलाबुटांच्या धंद्यातला, मला कळतं. पातळ तळाची नवी जोडी शिवायला घेतली. ती होईपर्यंत सराव करण्यात अर्थ नाही.

२२ जुलै
बूट झाले. दोष पेडलच्या स्प्रिंगचा निघाला.
गल्लीप्रमुख हाजी सुकर्मा येऊन गेले. विचारत होते, घरात मोटरसायकल दुरुस्तीचं काम काढलंय का. मी नम्रपणे सांगितलं, संगीत आहे. ते म्हणाले, "असेल बाबा. पण माझी सून बाळंतीण आहे, दुपारी नको." सतराची वेळही ठरवून गेले. संध्याकाळी पाच. मगरिबच्या, सूर्यास्ताच्या अजानच्या आत, म्हणजे पावणेसहाच्या आत, सगळं आटपायचं.
दुपारी नको म्हटल्यावर मी तरी काय करणार? चार दिवस सराव नाही.

२९ जुलै
एंगकुसने सरावासाठी फोनवर ड्रमचा ट्रॅक पाठवला. ऐकला. निर्जीव. डावा ठोका दर वेळी अगदी वेळेवर येतो. असं वाजवण्यात मजा नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार
घात झाला. इमासने परवा बायकांच्या कुराणपठणाला माझा गालिचा दिला. आमच्या गल्लीत उसनी आणलेली वस्तू आणली त्याहून स्वच्छ करून परत करतात. सगळ्याजणींनी मिळून तो धुतला, आणि चाळीसच्या चाळीस पट्ट्या रॉकेल लावून, नखांनी खरवडून काढल्या. एका मावशीने तुटलेलं नख दाखवलं. मला आभार मानावे लागले.
इमास ओशाळली होती. म्हणाली, "अहो, आत्ताच पुन्हा लावून टाका ना. मी धरते." मी सांगितलं, गरज नाही, सगळं डोक्यात आहे.

१२ ऑगस्ट
डावा पाय दहात तीनदा वेळेवर. म्हणजे तीस टक्के. स्टेजवर माणूस दुप्पट वाजवतो, हे धरलं तर साठ. पहिल्या वर्गात पास.

१६ ऑगस्ट
सिंबल चिंचेने घासून लखलखीत केले. सगळा दिवस त्यात गेला. इमासने चिकटपट्टीचं रीळ आणून समोर ठेवलं. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

१७ ऑगस्ट, संध्याकाळी
बॅडमिंटनच्या कोर्टावर स्टेज. खाली दोरीला टांगलेले पापड खाण्याची शर्यत चालली होती. मी चारला उभारायला लागलो. आधी दोन्ही बेसड्रम एकमेकांना भिडले. मग स्टूलला जागाच उरली नाही. सगळं सोडून पुन्हा मांडलं, तर डावं पेडल उजव्या ड्रमला बसलेलं. सव्वापाचला हाजीसाहेब माइकवर म्हणाले, "नांदांगभाऊ, आज वाजवणार की पुढच्या सतराला?" सगळं कोर्ट हसलं.
साडेपाचला माझ्या हातात अजून चार स्टँड. एंगकुसने घड्याळ बघितलं, फोन स्पीकरला जोडला, माझ्याकडे वाकून म्हणाला, "बस आणि नुसते हातपाय हलव."
दोन्ही गाणी झाली. मग अजान.
टाळ्या! हाजीसाहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, तुझा डावा पाय म्हणजे कमाल. मी म्हणालो, सरावाचं फळ. खरं सांगायचं तर मी जवळजवळ वाजवतच होतो.
इमास लगेच सिंबल पुसून खोक्यात भरायला लागली. मागे उभी होती, तिला नीट दिसलं नसावं.

१९ ऑगस्ट
एंगकुस दुकानात आला. सप्टेंबरचं पक्कं झालं. मी चहा मागवला. तो म्हणाला, ड्रम सगळे आण, दोन बेसड्रम पाहून लोक खूश होतात. वाजवायला फोन आहे. फक्त स्टूल आणू नकोस.
मी म्हणालो, मी बसतो की. परवासारखा.
त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "नांदांग, तू नुसता बसलास तरी पाय चुकताना दिसतात रे. परवा सगळ्या गल्लीला दिसले. चांगली माणसं आहेत, बोलली नाहीत."
फार वाईट वाटलं. दुकान लवकर बंद केलं.

२० ऑगस्ट
ड्रॉवरमधून रीळ काढलं. इमासने गालिचा ताणून धरला, मी पट्ट्या लावल्या. मैदानावरची मुलं ड्रम उभारतील तेव्हा त्यांचा घोळ नको.
सदतीस लागल्या. इमासने लाल रीळ पुढे केलं. मी म्हणालो, राहू दे.