पंक्तिभेद

प्रिय चिमे,

आधी बातमी सांगते, नाहीतर माझ्या पोटात राहायची नाही. तुझी आई बावन्नाव्या वर्षी दहावी पास झाली! गणितात एकाहत्तर! निकाल कळला तेव्हा शिलाई मशीनवरून अशी ताडकन उठले, की गिऱ्हाइकाच्या बाहीत सुई तशीच राहिली. तुझे बाबा तर घरोघर सांगत सुटलेत, जणू पेपर त्यांनीच लिहिला.

तिसऱ्या खेपेला जमलं गं. दोनदा आपटले ती एकाच ठिकाणी, समीकरण प्रमाणरूपात आणताना. एक्स आणि वाय एका बाजूला, सुटा आकडा दुसऱ्या बाजूला, अपूर्णांक कुठेच नको. एवढंच तर असतं. समज, y = x/2 + 3. छेद घालवायला दोनने गुणायचं. मी वायला गुणायची, एक्सला गुणायची आणि तीन तसाच ठेवायची. त्याला छेदच नाही, मग त्याला कशाला गुणायचं? शेवटी वर्गातल्या बाई कावल्या. म्हणाल्या, अहो, पंक्तिभेद करू नका, वाढायचं तर सगळ्यांना वाढा! ते डोक्यात पक्कं बसलं. परीक्षेत नेमकं तेच आलं. 2y = x + 6, म्हणून x − 2y = −6. पूर्ण गुण, चिमे!

आता पुढचं मुद्दाम पत्रात लिहितेय. फोनवर तर जीभच रेटली नसती. सरावासाठी मी माळ्यावरून तुझी जुनी वही काढली. तिच्यातही पानोपानी तो तीन तसाच राहिलेला. तू नापास झालीस तेव्हा तुझ्या डोक्यात भुसा भरलाय, असं मी चारचौघांत बोलले, आणि तू पुन्हा शाळेचं नाव काढलं नाहीस. दादाला शिकवणी लावली होती, तुला नाही. म्हटलं, हिला कशाला? वहीतला पंक्तिभेद तुझा होता, पण घरातला माझा, आणि तो आधीचा. चुकले गं मी.

सोबत परीक्षेचा फॉर्म आहे. तुझं नाव मी माझ्या हाताने लिहिलंय, सही तेवढी तुझी हवी. शिकवणीची काळजी नको. रोज दुपारी मशीन बंद ठेवून मी फोनवर शिकवीन, आणि भुशाचं नाव काढणार नाही.

तुझीच,
दहावी पास आई