मुलीचा उजवा पाय

मी, वय एकोणसत्तर, कारखान्यातून निवृत्त झालेला लेथवाला, राहणार याच तिसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दटावलेलं नाही. मला दटावणारी एकच होती, माझी बायको, ती चार वर्षांपूर्वी गेली.

१. घर. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे आणि ती माझ्या एकुलत्या एका मुलीची. मात्र माझ्या पश्चात माझ्या धाकट्या बहिणीने हे घर विकून मुलीसाठी तळमजल्यावरचं, बिनपायऱ्यांचं घर घ्यावं. मुलगी आकाशपाताळ एक करील. बहिणीने बधू नये.

कारण सांगतो. बायको गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून मी हलती चित्रं काढायला शिकलो. मास्तर नाही, क्लास नाही, एक पुस्तक तेवढं होतं. दोन खुर्च्यांवर काच ठेवली, खाली दिवा लावला आणि कागदावर कागद ठेवून काढत गेलो. आधी उसळता चेंडू, मग पिठाचं पोतं, मग चालणारा माणूस. टाच टेकते, अंग खाली जातं, पाय पुढे येतो, अंग वर येतं, ही मुख्य चित्रं. मधली चित्रं भरून कागद अंगठ्याखालून भराभर सोडले की माणूस चालायला लागतो. नमुन्याला घरात एकच माणूस होतं, मुलगी.

तिचा उजवा पाय काही केल्या जमेना. पुस्तकात पाऊल उचलताना चवडा वर येतो. माझ्या कागदावर तो लोंबायचा, जमिनीला घासायचा. शिकाऊ हात, असं म्हणून मी तो खोडून पुस्तकासारखा करत राहिलो. वर्षभर हेच केलं. "बाबा, आधी पाय काढायला शिका," म्हणून ती हसायची. मीही हसायचो.

मग बायकोची आठवण म्हणून तिचं चालणं काढायला घेतलं, खुर्चीला खिळण्याआधीचं. काचेवर मुलीचा न खोडलेला एक कागद राहिला होता, त्यावरच नवा ठेवला. तोच लोंबता चवडा. रेघेवर रेघ बसली. तेव्हापासून मी तो पाय खोडला नाही.

२. मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. त्याला फुटकी कवडीही नाही. लग्न ठरताना मी सरळ विचारलं होतं, सासूबाई भिंत धरून का चालतात? "वय झालं हो," म्हणाला. त्या तेव्हा पंचेचाळिशीतसुद्धा नव्हत्या! त्याची आजीही तशीच गेली, हे त्याला ठाऊक होतं. सांगितलं असतं तरी मी हिच्याशीच लग्न केलं असतं, पण डोळे उघडे ठेवून.

३. मोजमापाची हत्यारं कारखान्यातल्या जोडीदाराला. तो ती मागून नेतो आणि कधी पुसून परत करत नाही. आता परत करायची कटकटच नको.

४. बँकेतली ठेव मुलीच्या उपचारासाठी, आणि न खोडलेली चित्रं मेंदूच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी. मुलीला मी सांगून पाहिलं. "चित्र चुकलंय तुमचं, माझा पाय नाही," म्हणते. दवाखान्याचं नाव काढलं की ताटावरून उठते. घाबरली आहे. आईला शेवटी घास तीच भरवायची, पुढे काय येतं ते तिला कोणी सांगायला नको. पोरी, मी रागावलेलो नाही. आहे तोवर तुझा हात धरून मी नेईन, नसलो तर आत्या नेईल. पण तू जा.

५. वरील मजकूर दार लावून दोन्ही साक्षीदारांना, खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांना आणि आमच्या घरच्या डॉक्टरांना, वाचून दाखवला. दार उघडल्यावर मुलगी सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. येताना अडखळली, ट्रे कसाबसा सावरला. "मेली ही सतरंजी!" म्हणाली. सतरंजी मी मागच्या महिन्यातच गुंडाळून माळ्यावर टाकली आहे. चष्मेवाले कपाकडे बघत राहिले. डॉक्टरांनी खाली तिच्या पायाकडे पाहिलं आणि माझ्याकडे न बघता सहीसाठी पेन मागितलं.

लिहून देणार: लेथवाला (सही)
साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले (सही)
साक्षीदार: घरचे डॉक्टर (सही)
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: सात जून